कुंपणाचं जावळ

तौतू, आइतुताकी बेट
४ ऑगस्ट

चि. तेओकोताई यास,

तुला एक आजी आहे, हे कळवायला हे पत्र. तौतू गावात रस्त्याला लागून निळ्या पत्र्याचं घर आहे, त्यात ती राहते. ओळख पटली तर पुढे वाच. नाही पटली तर ऑकलंडमधल्या दुसऱ्या एखाद्या तेओकोताईला हे पत्र दे. तिथे आपली माणसं इथल्यापेक्षा जास्त आहेत म्हणतात. एखाद्याला तरी आजी कमी पडत असेल.

आजोबांच्या वर्षदिनाला कबरीवरचा नवा दगड उघडायला आला होतास, तेव्हा जास्वंदीचं कुंपण बघून म्हणालास, "आजी, तू हात लावू नकोस. मी तुला कापायचं यंत्र पाठवतो." मी आज्ञाधारक बाई. हात लावला नाही. जास्वंदीला मात्र तुझं बोलणं ऐकू गेलं नसावं. ती वाढत राहिली. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला आपलं घर दिसत नाही आणि अंगणात झोपलेल्या तुझ्या आजोबांना रस्ता दिसत नाही. येणारेजाणारे त्यांना हाक मारून पुढे जायचे, ते आता कुंपणाला हाक मारतात. आजोबा तक्रार करत नाहीत, पण ते जिवंतपणीही करत नसत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन तुझ्या आईच्या हातात असतो, आणि तो ती टेबलावर असा ठेवते की शेजारच्यांनाही ऐकू जावं. आणि गोष्ट तिच्याबद्दलच आहे. नोव्हेंबरात तुताका आहे. तपासणीची मंडळी घरोघर फिरणार, अंगण बघणार, डुकरांचा गोठा बघणार, पाणी साचलेले डबे उलटे करणार. तुझी आई मोएरोआ मला म्हणाली, "आई, या वेळी आपलं अंगण नापास झालं तर घर बंद करायचं आणि तू माझ्याकडे यायचंस. पास झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही." मी हो म्हणाले. तेव्हा कुंपण माझ्या खांद्याएवढं होतं, त्यामुळे आवाजात जोर होता.

ऑकलंडबद्दल माझं काही म्हणणं नाही. चांगलं गाव आहे. पण तिथे तुझ्या आईच्या घराला अंगण नाही, मग आजोबांना ठेवणार कुठे?

यंत्र पाठव.

लिहिणारी तेपाएरू, शेजारीण. मी शाळेत जायची ती धाकट्या भावांना पोचवायला. दारातूनच परत फिरायचं, खोबरं वाळवायला. म्हणून बोलणं माझं आणि अक्षर तिचं. तेपाएरू तुताकाच्या मंडळात आहे, तेव्हा या पत्रांत तिच्याबद्दल सगळं चांगलंच लिहिलेलं सापडेल. तिची टोपी फार छान आहे.

(टोपी खरोखरच छान आहे. – तेपाएरू)

तुझी आजी,
अकाइती


ऑकलंड
१९ ऑगस्ट

प्रिय आजी,

मला आजी आहे हे कळून आनंद झाला. ती अशी बोलते हेही आठवलं.

यंत्र विसरलो नव्हतो. अभ्यास करत होतो. तू हसशील, पण दुकानात गेलं की भिंतभर टांगलेली असतात. पेट्रोलवर चालणारी, वायरीवर चालणारी, बॅटरीवर चालणारी. कुणाचं पातं हाताएवढं, कुणाचं माणसाएवढं. विक्रेत्याने विचारलं, "कुंपण कसलं? फांदी किती जाड? उंची किती? कापणारा कोण?" मी म्हटलं, "आजी." तो म्हणाला, "मग वजन बघून घ्या." मी म्हटलं, "आजीचं की यंत्राचं?" त्याला गंमत कळली नाही.

पात्याला दाते असतात, आणि दोन दात्यांमधल्या फटीत मावेल तेवढीच फांदी कापली जाते. म्हणून हे कळव: कुंपण किती उंच, किती रुंद, फांदी किती जाड. पेट्रोलचं यंत्र जोरकस, पण जड. वायरीचं हलकं, पण वायर पुरली पाहिजे. बॅटरीचं मधलं. मी इथे विमा कंपनीत बसतो आणि माझ्या घरी झाड म्हणून कुंडीतली एक कोथिंबीर होती, ती वारली. तेव्हा तुझ्या सल्ल्याशिवाय घेणार नाही.

आईला काही बोललेलो नाही. तुझी तब्येत कशी आहे?

तुझा,
तेओ


तौतू
२ सप्टेंबर

चि. तेओकोताई यास,

एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर आज दुसऱ्यांच्या घरांना आग लागेल का याची चिंता करत बसला नसतास.

मापं घे. उंची: मी हात वर केला तर बोटं पानांत जातात आणि शेंड्याला लागत नाहीत. एवढ्याने कळत नसेल तर असं लिही की आपल्या पाद्रीबुवांची टोपी पलीकडून चालत जाते आणि पाद्रीबुवा दिसत नाहीत. रुंदी: तेपाएरूची गाय आत शिरली तर शेपूट बाहेर राहील. फांदी: वरच्या माझ्या करंगळीएवढ्या, खालच्या तुझ्या मनगटाएवढ्या. म्हणजे कचेरीत बसणाऱ्याच्या मनगटाएवढ्या. फार जाड नाहीत.

पेट्रोलचं नको. इथे बोट उशिरा आली की पेट्रोल संपतं, आणि बोट वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. शिवाय आवाजाने डुकरीण पिलांवर बसते. वायरीचंही नको. वायर घरातून काढायची म्हणजे आजोबांच्या अंगावरून न्यायला लागेल. आयुष्यभर ते माझ्या धुण्याच्या दोरीत अडकून पडले, आता तरी सोडावं. राहिलं बॅटरीचं. तेच घे. तुझ्या भिंतभर अभ्यासाचं उत्तर मी बसल्या जागी दिलं, विक्रेत्याला कळव.

तब्येत उत्तम आहे. सध्या थोडी बसून असते, कारण बसायला आवडायला लागलंय.

तुझी आजी,
अकाइती

(खालचं मी माझ्या मनाने लिहिते आहे, तेओ. अकाइती समोरच बसली आहे, पण तिला वाटतंय मी पत्ता लिहिते आहे. गेल्या आठवड्यात हिने कोयता बांबूला बांधला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून कुंपणाला भिडली. कुंपण जिंकलं. हाड मोडलेलं नाही, पण घोटा भोपळ्यासारखा सुजला आणि हातपंखा मागायलासुद्धा ती मला हाका मारते. यंत्र पाठवतोस ते हलकं पाठव, आणि लवकर. मी मंडळात आहे. मैत्रीण आहे म्हणून एवढं मोठं कुंपण मला दिसलंच नाही असं नाही म्हणता येणार. – तेपाएरूमावशी)


ऑकलंड
१७ सप्टेंबर

प्रिय आजी,

बसायला आवडायला लागलं हे वाचून बरं वाटलं. फार वेळ बस.

आईने पत्र वाचलं. मी दाखवलं नाही. मी वाचत होतो आणि ती मागे इस्त्री करत होती. शेवटाला आलो तेव्हा इस्त्री थांबली. माझ्या कामाच्या शर्टावर आता तिकोनी डाग आहे. काय वाचलं ते तुला सांगत नाही, तू आणि तेपाएरूमावशी काय ते बघून घ्या.

त्यानंतर आईने मागची खोली रिकामी केली. कालच रंग दिला, पिवळा. मला म्हणाली, "आईला पिवळा आवडतो." मी म्हटलं, "आई, तिची तपासणी अजून व्हायची आहे." ती म्हणाली, "मी फक्त रंग दिलाय." आजी, मी तिच्या बाजूने नाही, पण ती वाईट वागत नाहीये. आजोबा गेले तेव्हा ती रारोटोंगाच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत बसली होती. पोचली तेव्हा तुम्ही सगळे अंगणातून परत येत होतात. स्टूल म्हटलं की तिला तेच दिसतं.

आता चांगली बातमी. यंत्र घेतलं. बॅटरीचं, हलकं, फट मोठी, पातं तुझ्या हाताएवढं, शिवाय लांब दांडी, म्हणजे स्टूल नको. चर्चच्या मंडळींचा गट तिकडे येतोय, त्यांच्या सामानात दिलं.

आता दुसरी बातमी. विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईने बॅटरी बाहेर काढली. एवढी मोठी बॅटरी सामानात चालत नाही, पेट घेऊ शकते. म्हणून यंत्र विमानाने येईल आणि बॅटरी बोटीने. हो, मी विमा कंपनीतच काम करतो. हो, आगीच्याच विभागात.

बोट ऑक्टोबरात सुटेल म्हणतात.

तुझा,
तेओ


तौतू
१० ऑक्टोबर

चि. तेओकोताई यास,

यंत्र पोचलं. फार देखणं आहे. हिरवा रंग, लांब चोच, आणि पोटात काही नाही. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, इथे घोडं आलं आणि त्याचे पाय बोटीत आहेत.

मी त्याला सोफ्यावर ठेवलंय, तुझ्या मावशीच्या लग्नातली गोधडी अंगावर घालून. रोज कुणीतरी बघायला येतं. काल पाद्रीबुवा आले, हातात धरून म्हणाले, "अकाइती, हे कापतं कसं?" मी म्हटलं, "प्रार्थनेने." ते बराच वेळ बसले, मग चहा न घेता गेले. आणि लांब दांडी पाठवलीस ते बरं केलंस. माळ्यावरची कोळिष्टकं काढायला तेवढीच उंची लागत होती.

आता तुमच्या पत्रव्यवहाराबद्दल. गेल्या वेळी तेपाएरूला पत्ता लिहायला फार वेळ लागला. मला अक्षर कळत नाही, वेळ कळतो. आपला पत्ता एका ओळीचा आहे आणि तिने पानाची मागची बाजू उलटली होती. मी तिला काही बोलले नाही. फक्त आठवडाभर तिच्या टोपीबद्दल काही बोलले नाही.

(तो आठवडा मला फार लांब गेला. – तेपाएरू)

मोएरोआला सांग, पिवळा रंग मला आवडायचा तो तिच्या बाळपणी. माणसाची आवड बदलते, हे तिला कुणीतरी कळवायला हवं होतं. पण आणखी एक हात दे म्हणावं, एका हातात भिंतीचा डाग जात नाही. आणि हेही सांग की ती पोचली नव्हती तोपर्यंत मी आजोबांच्या पायाकडची माती लोटू दिली नव्हती. तेवढी तिच्यासाठी ठेवली होती. तिने लोटली. तिला ते आठवत नसेल. घरातच आहे विसरणं.

आणखी एक. सुई शोधायला बिस्किटांच्या जुन्या डब्यात हात घातला, तर फितींची गुंडाळी निघाली. लाल, पांढऱ्या, पिवळ्या. आठवतात? तुला कसं आठवणार, तुझं डोकं त्या वेळी केसांनी भरलेलं होतं. तुझ्या जावळासाठी शिवल्या होत्या, बटा बांधायला, म्हणजे प्रत्येक पाव्हण्याने एकेक कापायची. तुझे केस कमरेपर्यंत वाढू दिले होते, डुकरं राखून ठेवली होती, गावभर निमंत्रणं गेली होती. मग तुझ्या आईला ऑकलंडला नोकरी लागली आणि तुम्ही निघून गेलात. पुढे तुझे केस कुणी कापले ते मला कुणी सांगितलं नाही. आता सांग.

बोटीचं काय झालं तेही सांग. घाई नाही. तुताका महिनाभरावर आला आहे एवढंच.

तुझी आजी,
अकाइती


ऑकलंड
२८ ऑक्टोबर

प्रिय आजी,

बोट सुटली नाही. इंजिन दुरुस्तीला गेलंय. पुढची तारीख विचारली तर पलीकडचा माणूस हसला.

केस शाळेने कापले असं म्हण. उवा निघाल्या, चिठ्ठी घरी आली, आईने मला स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे नेलं. त्याने मशीन फिरवलं. दोन मिनिटांत झालं. आई रस्ताभर रडत होती, मला वाटलं उवांमुळे.

तुझं मातीचं आईला वाचून दाखवलं. ती ब्रश घेऊन मागच्या खोलीत गेली. दुसरा हात मात्र दिला नाही. रंगाचा डबा अजून तिथेच उघडा आहे. पण अट अट आहे म्हणते. तुताकाच्या नंतरच्या आठवड्याचं तुझं तिकीट काढून ठेवलंय. एकेरी.

आजी, चूक माझी आहे. सगळ्या मापांचा विचार केला आणि यंत्र तुझ्यापर्यंत पोचेल कसं याचा नाही केला. तू मंडळाला थोडी मुदत मागून बघ. तेपाएरूमावशी आहेच ना आत?

तुझा,
तेओ


तौतू
२० नोव्हेंबर

चि. तेओकोताई यास,

मुदत मागायला मी काही तुझ्या कंपनीची गिऱ्हाईक नाही. आणि तेपाएरूकडे मागितली असती तर तिला नाही म्हणावं लागलं असतं, मग तिचं तोंड उतरलं असतं, आणि त्या टोपीखाली उतरलेलं तोंड शोभत नाही.

मी निमंत्रणं पाठवली. जावळाची. तुताकाच्या दिवशी, सकाळी, आमच्या अंगणात. कुणाचं जावळ ते सांगितलं नाही. लोकांना वाटलं ऑकलंडहून कुणी पणतू आलाय. निमंत्रण रारोटोंगाहून येणाऱ्या आरोग्य खात्याच्या साहेबालाही गेलं, पहिली बट कापायचा मान त्याचा म्हणून. तुला आठवत नसेल, जावळाला बोलावल्यावर नाही म्हणत नाहीत. साहेब मूळचा मंगाइया बेटाचा. त्याला आठवत होतं.

आदल्या दिवशी मी आणि तेपाएरूने कुंपणाच्या बटा पाडल्या. मूठमूठ फांद्या धरायच्या, फीत बांधायची. तुझ्याच फिती. त्या पुरल्या नाहीत, मग तेपाएरूने पडदा फाडला.

(माझा पडदा. लिहून ठेव. – तेपाएरू. लिहिणारी मीच आहे, म्हणून लिहिलं.)

वरच्या बटा तिने बांधल्या. मी खुर्चीत बसून दाखवत होते. स्टुलावर चढले नाही, मोएरोआला सांग. खाली गोधड्या अंथरल्या, मधोमध तुझं हिरवं यंत्र ठेवलं, फुलांचा हार घालून. पाव्हणा म्हणून.

मंडळी आली. आधी कुणाला काही कळेना. पाद्रीबुवा म्हणाले, "मुलगा कुठे आहे?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर उभा आहे. माझ्या नवऱ्याचा, पापा इओआने यांचा, धाकटा. त्यांनी स्वतःच्या हाताने लावला, पाणी घालून वाढवला, आणि गेल्यापासून कुणी केसाला हात लावला नाही. सुतकात कोण कापणार? आता दगड उघडून झाला, वर्ष सरलं. वेळ झाली."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, आणि त्याची तयारी करून बसले होते. उलट म्हातारे एकेक करून टोप्या काढायला लागले, तेव्हा माझीच पंचाईत झाली. मी कोयते मांडायला लागले.

साहेब कुंपणाकडे बघत होता, मग कबरीकडे, मग माझ्याकडे. म्हणाला, "बाई, मी हे तपासायला आलो आहे."

मी म्हटलं, "तपासा की. पण आधी बट कापा. पाव्हण्याने रिकाम्या हाताने उभं राहू नये."

"आणि कापल्यावर मी याला नापास कसं करू?"

"तुम्ही कराल का नाही ते तुमच्या आईने तुम्हाला काय शिकवलं त्यावर आहे."

ज्याने बट कापली तो त्या पोराचा झाला, त्याने मग पोराला नावं ठेवायची नसतात. हे त्याच्या आईने शिकवलं होतं. त्याने कोयता घेतला, पहिली लाल फीत धरली आणि कापली. त्याच्या मागे पाद्रीबुवा, मग मंडळाच्या बायका, मग सगळं गाव. उंच माणसांनी उंचावर कापलं, बुटक्यांनी खाली. तुझ्या मनगटाएवढ्या फांद्यांना दोघं दोघं लागले. सगळं झाल्यावर कुंपण असं दिसत होतं की खवळलेला समुद्र कुणीतरी तिथेच थांबवलाय. पण रस्ता दिसत होता. आणि रस्त्यावरून एक जण सायकलवर गेला, त्याने आजोबांना हाक मारली. नेहमीसारखी. त्याला काही विशेष झालंय हे माहीतच नव्हतं.

मग जेवणं झाली. डुकराचं मांस, तारोचे कंद, केळ्यांचा गोड पोके, आणि तारोच्या पानांचा रुकाऊ नारळाच्या दुधात, जो तेपाएरूने खारट केला होता.

साहेब निघताना मंडळातली एक बाई म्हणाली, "पण कुंपण वर-खाली झालंय." साहेबाने हात धुतले, पुसले, आणि म्हणाला, "पहिले केस कापल्यावर पोरं अशीच दिसतात." पास. पहिला नंबर नाही. पहिला नंबर तेपाएरूला मिळाला. योगायोग असतात.

(माझं अंगण दर वर्षी पहिलं असतं. – तेपाएरू)

आता तुझ्या आईसाठी, हे तिला नीट वाचून दाखव. केस पुन्हा वाढणार. पण आता या पोराला गावभर नातेवाईक झालेत. बट कापणाऱ्या प्रत्येकाला मी निघताना सांगितलं, पुढच्या वेळी आपापली बट आपणच कापायची. साहेबालाही सांगितलं. तो म्हणाला मी येईन. पाद्रीबुवा म्हणाले देवाची इच्छा असेल तर. मी म्हटलं देवाची आहे, मी विचारलंय. तेव्हा मला कोयत्याची गरज नाही, स्टुलाचीही नाही. मी खुर्चीत बसून चुका काढणार. कोयता तेपाएरूच्या घरी दिलाय. ते एकेरी तिकीट परत कर, आणि पिवळ्या खोलीत तू झोप. तुला रंग शोभतो.

कबरीच्या कोपऱ्याशी दोन बटा ठेवल्यात. एक पांढऱ्या फितीची, ती मोएरोआची. दुसरी लाल, ती तुझी. दोन शिंगं उभी राहिल्यासारखी दिसतात. साहेबाने विचारलं, "या का राहिल्या?" मी म्हटलं, "एकीचा मालक विसराळू आहे आणि दुसरीच्या मालकिणीला यायला नेहमी उशीर होतो. पण येतात." त्याने तेवढं चालवून घेतलं. पुढच्या तुताकापर्यंत चालवून घेणार नाही म्हणाला.

बॅटरीची काळजी करू नकोस, बोट आली की येईल. तोवर यंत्र सोफ्यावर आहे. पाव्हणा वागायला चांगला आहे, खात नाही आणि बोलत नाही. तुमच्यापैकी कुणालाच हे जमलेलं नाही.

खाण्याचं. गोठवलेल्या मटणाच्या माना बोटीने पाठव, त्यांना घाई नसते. डब्यातलं गोमांस पाठव तर चरबीवालं पाठव, गेल्या वेळचं तुझ्या विम्याच्या कागदासारखं लागत होतं. आणि ऑकलंडची तळलेली कोंबडी, बादलीतली. ती बोटीने नाही आणि दुसऱ्या कुणाच्या सामानातही नाही, वास मारते. मांडीवर घेऊन बसायची, विमानतळापासून इथपर्यंत, म्हणजे थोडी तरी नरम राहते. बादल्या दोन, मांड्या दोघांच्या. तिखट नको, तेपाएरूला सोसत नाही आणि निम्मी तीच खाते.

तुझी आजी,
अकाइती

(पत्ता लिहिते आहे. तेओ, तिखटच आण. – तेपाएरू)